मेंढरांखालचा कोळसा

बाईंच्या पर्समध्ये कोळसा असायचा. रुमाल, चष्म्याचं घर, एसटीची जुनी तिकिटं आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कोळशाचे तुकडे. पिशवी कधीतरी फाटायचीच. मग रुमाल काळा, त्या रुमालानं पुसलेला चष्मा काळा आणि चष्मा वर सरकवताना नाकावर उमटलेला ठसाही काळा. मागच्या बाकावरच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. मला हसू येण्यापेक्षा दडपणच जास्त यायचं. बाई तासाला एका जागी थांबायच्याच नाहीत. फळ्यावर अर्धं समीकरण लिहायच्या, खिडकीशी जायच्या, तिथून दाराशी, दारातून शेवटच्या बाकाशी. कबड्डी बघायला बसलेल्या लोकांसारख्या आमच्या माना इकडून तिकडं फिरायच्या. उरलेलं अर्धं समीकरण आम्ही पूर्ण करायचं.

"चला, पुढं," हा त्यांचा शब्द. वर्गात तोच, स्टँडवर तोच, लग्नाच्या पंगतीत वाढप्यालाही तोच.

मी कडेगावात बीएस्सी करत होते तेव्हा त्या आम्हाला रसायनशास्त्र शिकवायच्या. मूळच्या वाईच्या. लग्न केलेलं नव्हतं. कडेगावात त्यांची भाड्याची एक खोली होती, पण खोलीपेक्षा तिच्या मागचं परसच त्यांना जास्त लागायचं. तिथं पत्र्याचं एक रिकामं पिंप होतं. द्राक्षबागेच्या छाटणीतल्या काड्या, तुरकाट्या, वेडी बाभूळ, जे मिळेल ते त्या पिंपात पेटवायच्या आणि त्याची राख व्हायच्या आत पाणी ओतून विझवायच्या. खाली उरायचा तो कोळसा. पुस्तकात त्याला बायोचार म्हणतात. बाई कोळसाच म्हणायच्या.

"हे खत नाही हं," त्या बजावायच्या. "हे घर आहे. आत बघ, नुसत्या खोल्याच खोल्या. पाणी राहील, खत राहील, जिवाणू राहतील. पण घर रिकामं मातीत पुरलंस, तर ते आधी स्वतःचं पोट भरणार. मातीतलं सगळं आत ओढून घेणार आणि झाड उपाशी. म्हणून आधी शेणामुतात मुरवायचा, लोणच्यासारखा. मुरू दे, मग दे."

मुरण्याबद्दल एवढं तळमळून सांगणारी बाई स्वतः कशातच मुरत नव्हती. चहा कपात ओतला की बशीत घ्यायच्या, बशीतला निवायच्या आत निघायच्या. खोलीमालकीण म्हणायच्या, "ह्यांच्या कपाला कान कशाला पायजे? धरायला थांबत्यात कुठं?"

एकदा आम्ही काही मुली त्यांच्याबरोबर एसटीनं सांगलीला निघालो होतो. वाटेत एका द्राक्षबागेच्या बांधावर छाटणीच्या काड्यांचा ढीग पेटलेला दिसला. बाईंनी उठून घंटीची दोरीच ओढली. गाडी थांबली. कंडक्टर धावत आला.

"काय झालं? कुणाला उलटी आली का?"

"ते बघा, जाळतायत! सगळी राख होणार. दोन मिनिटं थांबा, मी विझवून येते."

"आवं बाई, ही काय अग्निशामकाची गाडी हाय व्हय? घरात चूल न्हाई का तुमच्या?"

"चूल आहे. अक्कल नाही, ती आणायला चाललेय. थांबा."

गाडीतली माणसं हसत होती, शिव्या देत होती. बाई उतरल्या, चिखलातून बांधावर गेल्या, शेतकऱ्याशी हातवारे करून बोलल्या आणि त्याच्याच पंपाचा पाईप धरून आग विझवायला लागल्या. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी निघाली. आम्ही मागच्या काचेतून बघत राहिलो. पाण्याच्या फवाऱ्यात बाई लहान लहान होत गेल्या. दुपारी थांब्या-थांब्याला रेंगाळत आमची गाडी सांगलीत पोचली, तर त्या आमच्या आधी पोचलेल्या होत्या. एका टेंपोत बसून आल्या होत्या, आणि टेंपोत मागं कोळशाची पोती होती.

त्यांच्या या काळ्या खुळापायी वाईच्या घरात काय व्हायचं, तेही मी पाहिलंय. एका संक्रांतीला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. मी तोवर शहरातल्या घरात पाहुणी म्हणून राहिले नव्हते. त्यांच्या वहिनींनी हळदीकुंकू ठेवलेलं. वाण म्हणून द्यायला स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. बाईंनी सकाळीच प्रत्येक वाटीत मुरवलेल्या कोळशाची एकेक पुडी ठेवून दिली आणि वर मेथीचं बी. वहिनींच्या लक्षात येईस्तोवर निम्म्या बायकांच्या हातात वाट्या गेल्या होत्या.

"अहो वन्सं, सवाष्णींच्या हातात कोळसा?"

"संक्रांतीला काळं चालतं की, वहिनी. तुम्ही काळी चंद्रकळा नेसलाय ती?"

"साडीला वास येत नाही हो!"

वास येत होता, हे खरं. शेणाचा, गोमूत्राचा, थोडा धुराचा. पण त्यातल्या दोन-तीन बायकांनी पुढं फोन करून सांगितलं की कुंडीतली मेथी फारच छान आली आणि आणखी मिळेल का. बाईंनी वहिनींना हे पुन्हा पुन्हा ऐकवलं. वहिनींनी पुढच्या वर्षी वाण कुलपात ठेवलं.

हे सगळं मी गमतीनं लिहितेय, पण मला बाईंबद्दल जे वाटतं त्याची सुरुवात वेगळी आहे. माझं घर मेंढपाळाचं. कवठे महांकाळच्या पूर्वेला, जिथं पावसापेक्षा ढगच जास्त दिसतात, तिथं आमचं गाव. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी आत्याकडं राहून शिकले. कॉलेजात मला सारखी धास्ती असायची की आपल्या कपड्यांना मेंढरांचा वास येतोय. बापाचा धंदा काय विचारलं की मी 'शेती' सांगायची आणि विषय बदलायची.

एका तासाला बाई नायट्रोजनबद्दल बोलत होत्या. मेंढ्यांच्या लेंडीचा उल्लेख आला. "कुणाच्या घरी मेंढ्या आहेत?" मी हात वर केला नाही. माझ्या गावच्या एका मुलानं माझ्याकडं बोट केलं आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या सरळ माझ्या बाकाशी आल्या.

"रात्री कुठं असतात तुमच्या मेंढ्या?"

"शेतात बसवतात," मी खाली बघून म्हणाले. "लोकांच्या रानात. वाघर लावून. म्हणजे जाळीचं कुंपण. रात्रभर बसतात, लेंड्या आणि मूत पडतं, रानाला खत होतं."

"रोज?"

"जागा बदलत. आमचे वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठाला जातात. तिथं बागायतदार बोलावतात."

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि खाली कोळसा का नाही टाकत?"

बाईंनी खडू माझ्याच बाकावर ठेवला, तास अर्धा सोडला आणि निघून गेल्या. आम्हाला वाटलं रागावल्या. त्या स्टाफरूममध्ये जाऊन आमच्या गावाला जाणाऱ्या एसटीची वेळ बघत होत्या. माझ्या घरचं काम वर्गात धडा म्हणून आलं, ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. त्या दिवसापासून मी 'मेंढपाळ' असं सांगते.

तेव्हा आमच्या घरात एका गोष्टीवरून रोज धुसफूस चालू होती. कालव्याचं पाणी आमच्या रानाच्या कडेला आलं होतं. आईचं म्हणणं, आता भाजी लावू, इथंच राहू. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं, आपल्या मुरमाड रानात पाणी टिकत नाही, खत टिकत नाही, भाजी काय येणार? आणि मधे अडकली होती माझी धाकटी बहीण. ती नववीत होती. आबा निघाले की आईला बरोबर जावं लागायचं, बिऱ्हाड तिच्याशिवाय चालत नाही. धाकटीला मागं ठेवायला आता कुणी नव्हतं, आत्या वारली होती. म्हणजे धाकटीची शाळा सुटणार. आणि आमच्याकडं नववीत शाळा सुटलेल्या मुलीचं पुढं काय होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी आबा म्हणाले, "एक साल बघू. भाजी आली तर तुमी ऱ्हावा हितंच. न्हाई आली तर दिवाळी झाली की सगळी निघायचं. मग कुणी रडायचं न्हाई."

बाईंनी हे ऐकलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी येऊन उभ्या राहिल्या. रानात उतरत्या काठांचा खड्डा घेतला, त्यात वेडी बाभूळ पेटवली, वरून भर घालत गेल्या आणि ऐन वेळी पाणी मारलं. आबा बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"बाई, येवढं चांगलं जळण पेटवायचं आन इझवायचं? आमच्यात ह्याला येडं म्हणत्यात."

"आमच्यातपण म्हणतात, आबा. चला, पुढं."

ठरलं असं, की पावसाळ्यात मेंढरं घरी असतील तेव्हा तो कोळसा रानाच्या एका तुकड्यात पसरायचा आणि रात्री वाघर लावून मेंढरं त्यावरच बसवायची. महिनाभरात कोळसा मुरेल. मग तो भाजीच्या सऱ्यांत घालायचा आणि श्रावणात वांगी-मिरचीची रोपं लावायची. आबांनी मान डोलावली. आईनं कोळसा फोडून बारीक केला. तिच्या हातांच्या रेषा काळ्या झाल्या त्या पुढं कितीतरी दिवस गेल्या नाहीत.

आमची मेंढरं माडग्याळ जातीची. पांढरीशुभ्र, त्यावर तांबूस ठिपके, पोपटाच्या चोचीसारखं नाक. आबांचा सगळा मान त्या रंगात. कोळशावर बसल्यावर दोन दिवसांत ती मेंढरं अशी दिसायला लागली, की जणू कुणी त्यांना खाणीतून काढलंय. नेमके त्याच आठवड्यात जतकडचे पाहुणे आमचा मेंढा बघायला आले. त्यांतला एक म्हातारा मेंढ्याला हात लावून, काळा झालेला हात आबांच्या पुढं धरून म्हणाला, "काय रं गड्या, भट्टीवर ठेवला हुतास व्हय ह्याला? का धुऊन इकनार हायस?"

पाहुणे हसत गेले. आबा हसले नाहीत.

त्यानंतरचं मला कळलं ते फार उशिरा. मी कडेगावात होते, शेवटच्या वर्षाचा अभ्यास चालू होता आणि तो डोक्यात शिरत नव्हता. पुस्तक उघडलं की सऱ्या दिसायच्या. शनिवारी घरी जायचं, रोपांना हात लावायचा, रविवारी परत यायचं. पहिल्या शनिवारी रोपं बरी होती. पुढच्या वेळी पानं फिकी. गणपतीत गेले तेव्हा सगळा वाफा पिवळा पडला होता, आणि पलीकडं आईनं शेणखतावर लावलेली चार रोपं मात्र हिरवीगार होती. म्हणजे कोळशानंच घात केला होता. मी बाईंना फोन केला.

बाई दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आल्या. थेट सरीत बसल्या, मूठभर माती काढली, त्यातला कोळसा निवडला आणि नाकाला लावला. मग दुसऱ्या सरीतला. मग तिसऱ्या. चष्मा, नाक, कपाळ, सगळं काळं.

"याला मेंढीचा वास नाही," त्या म्हणाल्या. "हा कोरा आहे. आबा, मेंढ्या कुठं बसत होत्या?"

"हितंच की. तुमी सांगितल्यावानी."

बाईंनी हातातला कोळसा खाली ठेवला. त्या आबांकडं बघत राहिल्या, आणि त्यांच्या त्या बघण्यात राग नव्हता, म्हणूनच बहुधा आईला राहवलं नाही. आई आबांसमोर चारचौघांत कधी बोलत नाही.

"मी सांगते. अंधार पडला की वाघर उचलून पलीकडच्या तुकड्यात लावायचे हे. कोळसा नसलेल्या रानात. आन सकाळी उजाडायच्या आत मेंढरं परत कोळशावर आणून उभी करायची. मला म्हणले, पोरींना सांगू नगं. मला वाटलं, चार घटका उभी ऱ्हात्यात, तेवढं बास हुईल." तिचा आवाज चढला. "मेंढराला काजळ लागंल म्हणून पोरीचं साल घालवलं तुमी! पाव्हण्यानं हात काळा केला तर येवढं लागलं?"

आबा उठले. वाघरीची काठी हातात होती, तिनं जमिनीवर रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "लागलं. व्हय, लागलं. बास झालं आता. ही भाजी काय येत न्हाई. दिवाळीची वाट कशाला बघायची? दसरा झाला की निघू."

धाकटी दारात दप्तर घेऊन उभी होती. ती आत गेली.

"पंधरा दिवस थांबा," बाई म्हणाल्या.

"तुमी मला थांब म्हणताय? तुमाला स्वतःला येतं का थांबाय? च्या तरी पिता का कवा बसून?"

मला वाटलं आता बाई काहीतरी टोकदार बोलतील. त्या म्हणाल्या, "नाही येत. मला थांबता येत नाही म्हणून माझं निम्मं आयुष्य अर्धवट राहिलंय, आबा. त्यातलं काय काय, ते सांगत बसत नाही. पण या रोपांसाठी थांबावं लागेल, मला आणि तुम्हाला पण. मेंढरं खरी पलीकडच्या तुकड्यात बसली ना? मग खरं खत तिथं पडलंय. ते उचलू."

आणि त्या थांबल्या. कॉलेजात रजा टाकली आणि आमच्या घरी राहिल्या. पलीकडच्या तुकड्यातली लेंड्यांची माती घमेल्यानं आणायची, पिंपात पाण्यात भिजवायची, काठीनं ढवळायची आणि ते पाणी तांब्या तांब्यानं प्रत्येक रोपाच्या बुडाशी ओतायचं. कोळसा आता मातीतच मुरवायचा होता, रोपाच्या मुळाशी, रोप जिवंत ठेवून. पहिले दिवस काहीच फरक दिसेना. बाई पहाटे उठून रोपं बघायच्या, दुपारी बघायच्या, दिवेलागणीला बघायच्या. चपला पायांत न घालता वाफ्याच्या कडेनं येरझारा घालायच्या. त्यांच्या येरझाऱ्यांनी तिथं पायवाट पडली. मी रजेवर नव्हते, मला परत जावं लागायचं, आणि कडेगावातल्या खोलीत मी त्यांच्यासारख्याच येरझारा घालत होते. रात्री फोन करायची. "आज?" मी विचारायची. "नाही," बाई म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

आबा त्यांच्याशी बोलत नव्हते. पण एका संध्याकाळी, आईनं नंतर सांगितलं, ते सगळी मेंढरं घेऊन उरलेल्या कोळशाच्या ढिगापाशी गेले. ढीग स्वतः फोडला, पसरला, त्याच्याभोवती वाघर लावली आणि मेंढरं आत घातली. सकाळी ती काळी होऊन बाहेर आली. आबांनी ती तशीच गावातून, देवळापुढून, चरायला नेली. कुणीतरी विचारलं, "काय वं, ही कुणाची मेंढरं?" आबा म्हणाले, "बाईची."

नवीन पान हिरवं आलं तेव्हा बाईंनी मला फोन केला नाही. धाकटीला करायला लावला. ती नुसती फोनमध्ये हसत होती.

आता बाई वाईला असतात. गुडघ्यांनी दावा मांडलाय, तरी वहिनींच्या गच्चीवर पिंप आहे आणि शेजारच्यांच्या तक्रारी आहेत. मी साताऱ्यात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. शेतकरी माझ्यासमोर मातीची पिशवी ठेवतो आणि मी अहवालाकडं बघायच्या आधी ती माती नाकाला लावते. सोबतचे लोक हसतात. कुणी कोळशाबद्दल विचारलं, तर मी पहिल्यांदा विचारते, मुरवलाय का? कुठं? कुणी? खरं सांगा.

त्या साली पीक काही डोळे दिपवणारं आलं नव्हतं. पिवळं पडण्यात गेलेले दिवस गेलेच. मिरची बेताची झाली. पण वांगी धरली, आणि दिवाळीच्या आधी पहिला तोडा झाला. आबांनी एक वांगं हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितलं, मेंढ्याचे दात बघतात तसं. मग आईला म्हणाले, "मेंढरं बसून खात न्हाईत. मला जावंच लागंल. मी आन माझा भाऊ जातो, तिकडं आमचं आमी रांधून खाऊ. तुमी हितं बघा."

ते निघाले त्या सकाळी बाई आल्या होत्या. घोड्यावर बिऱ्हाड लादलं गेलं होतं, मेंढरं रस्त्यावर उतरली होती, आबा पुढं चालायला लागले होते. कळप हलला की आमच्या घरातल्या प्रत्येकाचे पाय आपोआप त्याच्या मागं निघतात. धाकटी शाळेच्या गणवेशात दारात उभी होती आणि तिचेही पाय उचलले गेले. चार पावलं ती गेलीसुद्धा. मग थांबली. काय करावं ते तिला कळेना. आजवर कळप निघायच्या आधीच तिला आत्याकडं पोचवलेलं असायचं; दारातून कळप जाताना मागं राहायची ही तिची पहिलीच वेळ.

"अगं, तिकडं कुठं? तास चुकेल," बाई म्हणाल्या आणि तिचा दंड धरून उलट्या दिशेनं, शाळेच्या रस्त्याला लागल्या. त्या एवढ्या भराभर चालत होत्या की धाकटीला मधून मधून पळावं लागत होतं. ती दर वेळी मागं वळून बघायची आणि बाई तिला पुढं ओढायच्या.

एका बाजूला मेंढरांची धूळ लांब जात होती आणि दुसऱ्या बाजूला या दोघी. आबा एकदाही वळले नाहीत. मी मधे उभी होते. कुणाकडं बघत राहू, ते मला समजत नव्हतं.

आई केव्हाची वाफ्यात उतरली होती. तिथून ओरडली, "उभी काय ऱ्हायलीस गं? पाटी घे. बाजाराचा टेंपो आला तर थांबायचा न्हाई, आन अजून निम्मी वांगी झाडालाच हायत."